सीटखालची पेटी

"तिचा आवाज परत येणार की नाही, तेवढंच सांगा, आक्का."

तायाक्का मठाच्या ओट्यावर बसून सुपात नाचणी पाखडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"कुणाचा?"

"भूपालीचा. माझ्या लेकीचा... शिष्येचा."

"दोघी आल्यात व्हय? मला तर गाडीत एकच दिसतीया."

शंभूबुवा तारळेकरांना ते लागलं. गाण्याच्या बैठकीला बुवा निघाले की लोक पायाखाली सतरंजी हांतरत. असं तोंडावर बोलायची कुणाची टाप नव्हती. पण पहिला सूर त्यांनी याच ओट्यावर लावला होता, नाक वाहत होतं त्या वयात, तायाक्कांच्या एकतारीवर. तेव्हा इथं मान ताठ ठेवून उपयोग नव्हता. बुवांनी गिळलं.

ओट्यासमोर नांद्रुकीच्या झाडाखाली गाडी उभी होती. काचा वर, इंजिन चालू. पुढच्या सीटवर भूपाली बसली होती, मांडीवर हात ठेवून, दवाखान्यात नंबर लागायची वाट बघतात तशी. गाडीतून गाणं येत होतं. बंद काचांतूनही अंगणात घुमत होतं.

"गातंय कोण?" आक्कांनी विचारलं.

"तीच."

"मग आवाज हाय की."

"रेकॉर्डिंग आहे, आक्का. मागच्या साली वाड्यावर बैठक झाली होती, तिथलं. तिला मी सारखं ऐकवतो. सकाळी, जेवताना, गाडीत. स्वतःचा आवाज कानावर पडत राहिला तर घशाला आठवण येईल."

सूप थांबलं. पुन्हा हलायला लागलं.

"डॉक्टर काय म्हणत्यात?"

"घसा ठणठणीत आहे म्हणतात. मुंबईला नेली, मिरजेला नेली. नळी घालून बघितलं. काही नाही."

"आणि ही गप कधी झाली?"

बुवांनी शालीचं टोक उगीच नीट केलं.

"त्याच बैठकीनंतर. ताप होता तिला. थोडासा. मी म्हटलं, आमच्या गुरूंनी एकशेचार तापात तोडी गायली होती. ती गायली. रुमालात थोडं रक्त आलं... पण गायली! ही रेकॉर्ड ऐका ना, असा तार षड्ज आख्ख्या घराण्यात कुणी लावला नाही. उतरली, पाणी प्याली, आणि... त्यानंतर शब्द नाही."

"गाण्याचा?"

"कसलाच नाही."

नाचणीतला एक खडा आक्कांनी वेचून अंगणात टाकला. कोंबडी धावत आली, चोच मारून निघून गेली.

"गंडा कधी बांधलास तिला?"

"सातवं लागलं तेव्हा." बुवांचा आवाज जरा चढला. हा त्यांच्या अभिमानाचा विषय. "पेढे वाटून, चार जाणती मंडळी बसवून बांधला. त्या दिवशी सांगितलं, आजपासून मी तुझा गुरू. घरात मला बाबा म्हणायचं नाही. बुवा म्हणायचं."

"मग बाबा कुणाला म्हणायचं तिनं?"

बुवांनी गाडीकडे बघितलं.

गाडीतलं गाणं वर चढत होतं. तान संपायच्या आत पत्रा कापावा तसा आवाज झाला, पुन्हा सरळ झाला.

"ह्ये खरखरतंय का?"

"त्याचंच तर झेंगट आहे!" बुवांना बोलायला काहीतरी मिळालं. "गाडीचे मूळचे स्पीकर म्हणजे डबडी होती. तिचा आवाज त्यात मावेना. बदलून टाकले. परदेशी घेतले, हे एवढे मोठे, चारी दारांत. दारं कापून बसवावे लागले."

"आणि आतलं यंत्र?"

"अ‍ॅम्प्लिफायर? तो मूळचाच. सीटखाली असते बघा पेटी, स्पीकरला ताकद पुरवणारी. ती बदलायची तर सगळी वायरिंग उसवावी लागली असती, आठवडाभर गाडी दुकानात. मला कुठं तेवढी सवड? येत्या रविवारी गुरूंची पुण्यतिथी आहे. भूपालीचं नाव छापून झालंय."

"दुकानदार काय बोलला न्हाई?"

"बोलला की. म्हणाला, बुवा, हे स्पीकर फार ओढतात. मूळची पेटी त्या डबड्यांच्या मापाची आहे. हळू वाजवलंत तर निभावेल, मोठ्यानं वाजवलंत तर तापेल आणि स्वतःच गप्प होईल. मी म्हटलं, तू बसव. आवाज लहान ठेवायचा तर स्पीकर कशाला बदलले?"

"मग?"

"मग काय, घाटात गप्प झाली. तिसऱ्या वळणावर. मी समजलो, गेली, जळली. डॅशबोर्डवर बुक्क्या मारल्या, बटणं दाबली. ढिम्म. वर पठारावर आलो आणि आपोआप वाजायला लागली."

"आणि पोरगी?"

"पोरीचं काय?"

"गाणं बंद पडलं तवा पोरगी काय करत हुती?"

बुवा आठवायला लागले. एवढ्या बारकाईनं त्यांनी बघितलं नव्हतं. पण गाडी चालवताना डोळ्याच्या कडेला काहीतरी आलं होतं खरं...

"झोपली होती," ते म्हणाले. "काचेला डोकं लावून. बघा ना, आक्का, रात्र रात्र छताकडे बघत पडते, गोळ्या दिल्या तरी डोळा लागत नाही. आणि तिथं वळणावर, एवढे धक्के बसत असताना..."

"मग?"

"गाणं सुरू झालं आणि जागी झाली."

हे बुवांनीच सांगितलं, बुवांनीच ऐकलं. तरी ते पुढं म्हणाले, "म्हणून म्हणतो, अंगारा द्या. तुमच्या हातचा. घशाला लावतो. माझं काही नाही हो, तिचं आयुष्य आहे. पंधरा वर्षं घातलीत मी तिच्यात. ती गायली नाही रविवारी, तर लोक..."

तेवढ्यात गाणं तुटलं.

तार षड्जावर, ऐन टोकाला. जिथं तेव्हा रुमालात रक्त आलं होतं, तिथंच.

अंगणात एकदम इंजिनाची घरघर तेवढी उरली. नांद्रुकीवर कुठला पक्षी होता, तो आता ऐकू आला.

"बघा! बघा, पुन्हा गेली!"

बुवा उठले ते पळतच. दार उघडून त्यांनी डॅशबोर्डवर थापा मारल्या, बटण पिळलं, मेलीस का, मेलीस का, म्हणत पुन्हा थापा मारल्या. प्रत्येक थापेसरशी शेजारी बसलेल्या भूपालीचे खांदे आक्रसत होते. ते मात्र त्यांना दिसत नव्हतं.

तायाक्का सूप खाली ठेवून आल्या. अनवाणीच. वय झालेलं, चालणं कलतं. त्यांनी भूपालीच्या बाजूचं दार उघडलं.

"कुठली पेटी म्हणालास?"

"तिच्या सीटखाली. पायाजवळ."

"हात लाव."

"अहो, त्यात हात लावून काय..."

"लाव म्हणते न्हवं."

बुवा वळसा घालून आले, कमरेत वाकले, भूपालीच्या पायाशी हात घातला. आणि चटका बसल्यासारखा... चटका बसलाच, मागं ओढला. बोटं तोंडात गेली.

"तापलीय," ते म्हणाले. "जाम तापलीय. मेली वाटतं."

"मेलेलं तापतंय व्हय रं कधी?"

बुवांनी बोटं तोंडातून काढली.

"मेलेली न्हाई ती. मरायची न्हाई म्हणून गप हाय."

बुवा काही बोलणार होते. तोंड उघडलंही होतं. पण तेवढ्यात भूपाली हलली.

ती सीटवरून पुढं सरकली, वाकली. तिचा उजवा हात खाली गेला. मनगटावरचा गंडा, दर गुरुपौर्णिमेला नवा बांधलेला लाल दोरा, बाहीतून बाहेर आला. तिनं तळवा त्या पेटीवर ठेवला.

आणि काढला नाही.

"अगं भाजेल!" बुवा ओरडले.

तिनं काढला नाही. तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा, तसा तो हात तिथं होता. चेहऱ्यावर दुखल्याची खूण नाही. डोळे मिटलेले. ओठ हलल्यासारखे वाटले... पण ते श्वास सोडणं होतं नुसतं.

बुवांनी तिचा दंड धरला. ओढणार होते. आक्कांनी त्यांच्या मनगटावर आपला सुरकुतलेला हात ठेवला. जोर लावला नाही, नुसता ठेवला. बुवांना एकदम ती एकतारी आठवली. सूर चुकला की आक्का असाच हात ठेवायच्या. थांब म्हणायच्या नाहीत.

"आक्का," बुवा म्हणाले. आवाज त्यांचाच होता, पण घराण्याचा नव्हता. "मला तुम्ही गंडा का नाही बांधलात?"

"तुला पळावंसं वाटलं असतं, तर दोरा तुझ्याच गळ्याला काचला असता."

"मी पळालो नसतो."

"ही तरी कुठं पळालीय?"

वारा आला. नांद्रुकीची पानं गाडीच्या टपावर पडली. गाडी उभ्या जागी थरथरत होती, आत सगळे दिवे लागलेले, पडद्यावर गाण्याचं नाव सरकत होतं. भूपाली तारळेकर... भूपाली तारळेकर... आवाज तेवढा नव्हता.

भूपालीचा हात तसाच होता. तळव्याखाली कातडी लाल झाली असणार. तिच्या मिटल्या पापणीतून एक थेंब आला, गालावर अडला, हनुवटीवरून खाली पडला. पेटीवर पडला तेव्हा चर्र झालं की बुवांना तसा भास झाला, कोण जाणे.



मग बुवांचा डावा हात, त्यांच्याही नकळत असेल, आवाजाच्या बटणाकडे गेला. तिथंच थबकला.

"थंड व्हायला किती वेळ लागेल, आक्का? रविवारपर्यंत..."

तायाक्कांनी त्या हाताकडे बघितलं. मग चालू इंजिनाकडे.

"आदी किल्ली काढ, शंभ्या."