मगर्ससाठी अनवाणी

"...मग अन्न सोडू का, आक्का?"

दिनकर आरवाडेनं हे इतक्या सहज विचारलं, की शेजारी बसलेल्या मालनचे हात जागच्या जागी थांबले. सांगलीहून येताना आक्कांना काय विचारायचं, ते नवराबायकोचं एसटीत दोनदा ठरलं होतं. ठरलं होतं ते हे नव्हतं.

तुंगाक्का मान खाली घालून वाती वळत होत्या.

कृष्णाकाठच्या त्या लहानशा दत्तमठाची रीतच तशी होती. आक्कांना काही विचारायला आलेल्याच्या हातात आधी कापसाचा पेळू पडायचा. वात वळत वळत काय ते बोलायचं. हात रिकामे असले की तोंड फार चालतं, असं आक्का म्हणत.

"पाय दाखव," त्या म्हणाल्या.

दिनकरनं पाय पुढं केले. शाल-श्रीफळ मिळालेल्या माणसानं ते चारचौघांत दाखवावं, तसे केले. हळदीच्या अडतीत तो तोलणारा. दिवसभर पोत्यांतून वावर, त्यामुळं टाचांच्या भेगांत हळद जाऊन बसली होती. डाव्या पायाची करंगळी मात्र पिवळी नव्हती. काळी पडली होती.

"साखर आहे ह्यांना," मालन म्हणाली. "डॉक्टरांनी काल स्पष्टच सांगितलं. आजपासून पायात काहीतरी घाला, नाहीतर बोट काढावं लागेल. ते नाही भागलं तर पाऊल. नवस तुमच्यासमोर बोललेत, आक्का. तुम्हीच सोडवा आता."

"सोडवायला आलो नाही मी," दिनकर म्हणाला. "वाढवायला आलोय."

आक्कांनी एक वात ताटात ठेवली. दुसरी घेतली.

"एवढं कशापायी चाललंय? मला म्हातारीला पुन्हा सांग."

"बास्केटबॉल, आक्का. आपली सांगलीची टीम. मगर्स."

"नदीतल्या मगरींवरून नाव ठेवलंय," मालन म्हणाली. "नदीतल्या बऱ्या. त्या निदान काहीतरी पकडतात."

आक्कांच्या ओठाची एक कड हलली. दिनकरची हलली नाही.

टीम निघाली त्या वर्षापासून त्यानं एक मॅच चुकवली नव्हती. गेल्याच्या आदल्या दत्तजयंतीला, लागोपाठ सहा मॅच हरल्यावर, तो इथंच पादुकांसमोर उभा राहून बोलला होता, की पोरं एक मॅच जिंकेपर्यंत पायात चप्पल घालणार नाही. एकच तर मॅच. पंधरा दिवसांचा प्रश्न, असं त्याला वाटलं होतं.

त्याला सव्वा वर्ष झालं होतं.

"त्यानंतर किती हरले?"

"सव्वीस."

"आणि खेळले किती?"

"...सव्वीस."

घाटावर कुणीतरी धुणं आपटत होतं.

"काय सांगू, आक्का," दिनकर म्हणाला, आणि त्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "एकदा शेवटच्या मिनिटापर्यंत चार पॉइंटनी पुढं होतो. तीही घालवली. एकदा आपल्याच पोरानं आपल्याच रिंगेत बॉल टाकला. समोरची टीम हसली नाही हो, त्यांनी माना खाली घातल्या. ते हसले असते तर बरं झालं असतं. पूर्वी स्टेडियममध्ये जागा धरायला तासभर आधी जावं लागायचं. परवा मोजून चाळीस माणसं. मगरीचं मुंडकं घालून नाचणारा तो माणूस, तोसुद्धा मधल्या सुट्टीत मुंडकं खुर्चीवर ठेवून घरी गेला. लोक म्हणतात, आरवाडे, टीव्ही बंद कर, झोप. मला झोप येत नाही. मी व्रतात कुठं कमी पडलो, तेवढं सांगा. उन्हाळ्यात डांबरावरून चाललो. अडतीत बाभळीचा काटा मोडला, तरी नाही घातली. देवाला आणखी काय पाहिजे?"

आक्कांनी पेळूतून नवा कापूस ओढला.

"म्हणून विचारतोय. अन्न सोडू का?"

"नवसाचं कुणाकुणाला ठाऊक आहे?"

"सगळ्या गावाला." दिनकर सावरून बसला. "पेपरात पायांचा फोटो आला होता. मॅच सुरू व्हायच्या आधी लाउडस्पीकरवर सांगतात, आपले अनवाणी काका आलेले आहेत. पहिल्या रांगेत खुर्ची ठेवतात. पोरं मैदानात उतरायच्या आधी ओळीनं येऊन पाया पडतात. बिरू सगळ्यात आधी."

"बिरू कोण?"

"कॅप्टन. बिरू लवटे, आटपाडीकडचा. साडेसहा फूट उंच आहे, पण वाकतो बघा, पार कपाळ टेकवतो. गुणी पोरगा. पण त्याचंही काय झालंय कळत नाही. फ्री थ्रो म्हणून असतो, आक्का. आडवा कुणी येत नाही. एकट्यानं रिंगेसमोर उभं राहायचं, निवांत नेम धरायचा, बॉल टाकायचा. पूर्वी दहातले नऊ टाकायचा. आता तीन पडले तरी डोक्यावरून पाणी."

"टाकायच्या आधी तो कुठं बघतो?"

"रिंगेकडं. दुसरं कुठं बघणार?"

"आठवून सांग."

दिनकर आठवू लागला, आणि त्याची नजर आपल्याच पायांकडं गेली.

आक्कांनी वातींचं ताट बाजूला सारलं. गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या. ऐंशीच्या पुढचं वय, उठायला वेळ लागला. दोन पावलं चालून त्या दिनकरसमोर आल्या, खाली बसल्या, आणि त्याच्या त्या भेगाळल्या पायांवर त्यांनी आपलं डोकं ठेवलं.

दिनकर असा मागं सरला, की पाठ भिंतीला लागली.

"आक्का... हे काय... मी शिष्य तुमचा..."

डोकं तिथंच होतं. पांढरे केस, बारीक अंबाडा. त्याला पाय ओढून घेता येईनात आणि तसेच ठेवताही येईनात. मालननं पदर तोंडाला लावला.

मग आक्का सावकाश आपल्या जागेवर जाऊन बसल्या. काहीच घडलं नसावं तसं त्यांनी ताट पुन्हा पुढं ओढलं.

"वात वळ," त्या म्हणाल्या.

दिनकरनं पेळू उचलला. बावीस वर्षांपूर्वी आक्कांनी अनुग्रह दिला, तेव्हापासून तो वाती वळत आला होता. मठाच्या समईला त्याचीच वात लागायची. एकसारखी, पातळ, गाठ नाही की गुंता नाही. बायका त्याच्या हाताचं कौतुक करायच्या आणि ते त्याला आवडायचं.

कापूस ओढला, तो तुटला.

दुसरा घेतला. तोही मधेच सुटला. तिसरा कसाबसा वळला, पण त्याची सुतळी झाली. बोटांना घाम आला होता. त्यानं हात धोतराला पुसले, पुन्हा कापूस घेतला. आक्का बघत होत्या. रागानं नाही. मोठ्या आशेनं बघत होत्या, आणि तेच त्याला सोसवेना.

"आक्का..." तो म्हणाला, "होत नाही."

घाटावरचं धुणं थांबलं होतं.

"बिरू हेच म्हणाला होता," मालन म्हणाली. तिनं मान वर केली नाही. "दिवाळीत आला होता, आक्का, घरी. नवी कोरी चप्पल घेऊन. दारातच उभा राहिला बिचारा, चौकटीत मावेना. म्हणाला, काका, आमच्यानं होत नाही. तुमचे पाय बघवत नाहीत. एवढी घाला. रडत होता हो, एवढा मोठा पोरगा."

"मग?"

मालन नवऱ्याकडं बघत राहिली. ते त्यानंच सांगायचं होतं.

"मी म्हटलं..." दिनकर म्हणाला. "मी म्हटलं, जिंकून ये. मग घालतो."

"आणि तो?"

"पाया पडून गेला."

दिनकर हातातल्या कापसाकडं बघत होता. त्याचा चेहरा भर बाजारात घरचं माणूस हरवलेल्या माणसासारखा झाला होता.

"पण मी त्यांच्यासाठीच केलं ना, आक्का? माझं स्वतःचं त्यात काय होतं?"

"हं," आक्का म्हणाल्या.

मालननं दोन वाती वळून ताटात ठेवल्या. त्याला विचारायचं काहीतरी होतं. ते तोंडाशी येत होतं आणि परत जात होतं.

"शनिवारी सीझनची शेवटची मॅच आहे," अखेर तो म्हणाला. "हरणारच आहेत, आक्का. मला ठाऊक आहे. माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. इतके दिवस निदान एवढं तरी होतं, की मी काहीतरी करतोय. ते सोडलं तर मी नुसता... नुसता बघत बसलेला माणूस."

त्यानं पाय धोतराखाली ओढून घेतले.

"ठीक आहे. देवाची क्षमा मागतो, पायात चप्पल घालतो, जाऊन बसतो. आणि तरी हरले तर?"

तुंगाक्कांनी ताटातल्या वाती गोळा केल्या. त्याच्यापुढं पडलेली ती सुतळीसारखी जाड वातही घेतली आणि इतरांबरोबर ठेवली.

"तर हरलेल्यांच्या पंगतीला एक पान जास्त मांडायला सांग. तुझं."