लाखबंद महाल आणि हरवलेला शब्द

एका राज्यात भद्रसेन नावाचा राजा होता. गार वारा बाधून राणी गेली, तेव्हापासून त्यानं वाऱ्याशीच वैर धरलं. एकुलत्या एका लेकीला, केतकावलीला, तो तळहाताच्या फोडासारखं जपे. तिच्या महालाच्या साऱ्या खिडक्या त्यानं काजळनाथ मांत्रिकाकडून मंतरलेल्या लाखेनं बंद करून घेतल्या. मांत्रिकानं मोल काय मागितलं? राज्यातला एक शब्द! राजा हसून म्हणाला, "खुशाल ने." अहो, कोणता ते तरी विचारावं की नाही?

झालं! राजकन्या दिवसेंदिवस सुकत चालली. त्या राज्याची रीत अशी, की रोग्यानं आपल्या तोंडानं दुखणं सांगितल्याखेरीज राजवैद्य उपाय करत नसे. वैद्य विचारी, "काय होतंय?" पोर छाती धरून ओठ हलवी आणि शेवटी म्हणे, "काही नाही." सांगायचा शब्दच राज्यात उरला नव्हता.

तिची दाई सगुणा. तिचा जीव तीळतीळ तुटे. राजानं देऊन टाकलेला शब्द परत आणायला ती तडक मांत्रिकाच्या डोंगरावर गेली. गुहेच्या दारात एक साळुंकी बसली होती.

"शब्द माझ्या गळ्यात आहे," साळुंकी म्हणाली. "जो त्याचा अर्थ भोगील, त्यालाच मिळेल. आत तीन कोठड्या आहेत."

पहिली कोठडी धुराची, दुसरी पाण्याची. दोन्हींतून सगुणा डोळे पांढरे होता होता बाहेर पडली. तिसरीत मात्र गालिचे, अत्तर, पंचपक्वान्नं! आणि एक प्रेमळ आवाज, "बस गं बाई. उठू नकोस, दमशील. बोलू नकोस, घसा दुखेल." घटकाभरात सगुणा दारावर डोकं आपटू लागली.

"ह्याहून तो धूर बरा गं!" ती रडत म्हणाली. "माझं लेकरू रोज हेच सोसतंय!"

दार उघडलं. साळुंकीनं तिच्या कानात शब्द घातला.

सगुणानं महालात येऊन तो राजकन्येच्या कानात सांगितला. राजा शेजारीच उभा होता, लेकीच्या अंगावर आणखी एक शाल घालत. केतकावलीनं शाल बाजूला सारली.

"बाबा, मी इथं गुदमरते. तुमच्या मायेनंच गुदमरते."

राजाचा चेहरा पडला. "मला वाटलं, मी तुला वाचवतोय, बाळा," एवढंच तो बोलू शकला. मग त्यानं स्वतःच्या हातानं खिडकी ढकलली. लाख वितळून खाली ओघळली, वारा आत आला, आणि राजकन्येनं कितीतरी दिवसांनी पोटभर श्वास घेतला. वैद्याला काही करावंच लागलं नाही.

तेव्हापासून त्या राज्यात कुणावर मायेनं दार ओढताना आधी विचारतात, "आत गुदमरत तर नाही ना?" आणि उत्तर येईपर्यंत राजासुद्धा कडीला हात लावत नाही.