भिंतीतलं पहिलं पोस्टर

“अण्णा, पहिलं पोस्टर कुठलं घेतलं?”

जो येतो तो हेच विचारतो. पेट्या भरून पोस्टरं आहेत, ती बघायची सोडून पहिल्याचंच उकरतात. सांगायची इच्छा नाही. पण सांगितल्याशिवाय तुम्ही उठणार नाही, आणि दुसरा चहा काही मिळणार नाही. ऐका आणि चालू पडा.

मिरजेत मी याकूब उस्तादाच्या हाताखाली पोस्टरं डकवायला शिकत होतो. उस्ताद फकिरासारखा. बोलणं कमी, दाढी जास्त. नियम एकच. भिंतीवरचं जुनं पोस्टर फाडायचं नाही, नवं त्याच्यावरनं डकवायचं.

एकदा रद्दीवाल्याकडं ते दिसलं. घोडेस्वार, मागं पेटलेला किल्ला, कोपऱ्यात दिवा धरलेली बाई.

लहानपणी जत्रेत पिक्चरच्या तंबूबाहेर हेच लावलं होतं. गर्दीत मला दिसेना म्हणून थोरल्या भावानं खांद्यावर घेतलं होतं. तुकादादानं. त्याच पावसाळ्यात दादा पटकीनं गेला. घरात त्याचा एक फोटो नाही.

आईनं चपलेला दिलेले पैसे रद्दीवाल्याच्या हातावर ठेवले आणि अनवाणी उस्तादापुढं जाऊन उभा राहिलो. छाती काढून.

“चाचा, हे जन्मभर टिकायला पायजे. काय करू?”

त्यानं आधी माझे पाय बघितले. मग पोस्टर.

“जन्मभर?”

“जन्मभर. ऊन नको, पाऊस नको, बकरी नको.”

खळ पिठाची असते. बकऱ्या तिच्या वासानं भिंतीवरची पोस्टरं खातात.

“दे इकडं.”

दिलं. त्यानं ते पालथं अंथरलं, कुंचा खळीत बुडवला. मला वाटलं, मागनं कापड लावतोय...

गडी उठला आणि थेटराच्या भिंतीवर डकवून मोकळा. एक सुरकुती नाही.

“चाचा!”

“थांब की.”

शुक्रवारी लागणाऱ्या पिक्चरचं नवं पोस्टर घेतलं आणि माझ्या पोस्टरवरनं डकवलं. चारी कोपरे दाबले.

“आता ऊन नाही, पाऊस नाही. बकरी आली तर वरचं खाईल.”

“पण दिसत नाही की!”

“टिकव म्हणालास. दाखव कुठं म्हणालास?”

मी त्याला काय काय बोललो ते तुमच्यापुढं सांगण्यासारखं नाही. माफी माग म्हणालो. तो कुंचा धूत बसला.

खळ ओली होती. आत्ता सोलून काढलं तर निघालं असतं. मी कोपऱ्याला नख लावलं.

“काढ,” उस्ताद म्हणाला. “तुझंच हाय. पण आधी डोळे मीट. काय काय हाय त्यात, सांग.”

“घोडा,” मी चिडून म्हणालो. “पांढरा.”

“अजून?”

“किल्ला. बुरूज पेटलाय.”

“अजून?”

“बाई. दिवा धरलेला हात जरा मोठाच काढलाय.”

“अजून?”

“अजून... खाली काळी टोपी. मागनं तेलकट झालेली. मी दोन्ही हातांनी धरलीय, पडू नये म्हणून...”

कुंच्यातनं पाणी गळत होतं.

मी डोळे उघडले. नख अजून कोपऱ्यालाच होतं.

“शिदू,” तो म्हणाला, “टोपी पोस्टरवर होती?”

...

खळ वाळली.

माफी अजून येणं आहे. याकूब उस्तादाकडनं.