डाव्या पायाच्या लाल वहाणा

अडेलराव महाराजांनी फौजेसाठी वहाणा करायला सांगितल्या, पण हुकूम असा सोडला, "आमचे सैनिक आधी डावा पाय टाकतात, तेव्हा आधी डाव्या वहाणा झाल्या पाहिजेत!" चर्मकारांनी मान डोलावली आणि डाव्या केल्या. करता करता राज्यातलं कातडं संपलं. उजवी एकही झाली नाही!

राजवाड्याच्या पागेत डाव्या वहाणांचा लालभडक डोंगर उभा राहिला. घोडे बाहेर उभे राहू लागले. प्रधानजी तोंड लपवून हसू लागले. महाराजांचा पारा चढला आणि ते थेट व्यापारशाळेत घुसले.

या शाळेत गावातली मोठी मुलं व्यापार आणि अर्थशास्त्र शिकत. त्यातच होती कोष्ट्याची हौसा. शाळा सुटल्यावर घरी मावशी तिची वाट बघायची, म्हशी वळायला. "शिकून काय दिवे लावणार आहेस?" असं मावशी रोज विचारायची. शाळा बंद पडली असती, तर हौसाला दिवसभर म्हशींमागेच फिरावं लागलं असतं.

"काय शिकवता इथं?" महाराज गरजले.

गुंडोपंत गुरुजी हात जोडून म्हणाले, "मागणी, पुरवठा, नफा, तोटा, महाराज."

"मग आमच्या वहाणा विका! उद्या देवीची जत्रा आहे. दुपारच्या आरतीची घंटा व्हायच्या आत डोंगर संपला पाहिजे. फुकट वाटायच्या नाहीत, उजव्या करायच्या नाहीत, कुणावर जबरदस्ती करायची नाही. एक जरी उरली, तर शाळा बंद! इथं आम्ही मोर पाळू!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांनी देवळासमोर ढीग मांडला. सराफाचा मुलगा ओरडला, "अर्ध्या भावात!" कुणी फिरकलं नाही. "पाव भावात!" लोक हसून पुढे गेले. लढाईत उजवा पाय गमावलेला एक म्हातारा शिपाई तेवढा आला, एक वहाण घालून बघितली, विकत घेतली आणि खूश होऊन गेला. पण असं गिऱ्हाईक जत्रेत दुसरं नव्हतं.

गुरुजी हताश होऊन म्हणाले, "मागणीच नाही, मुलांनो. मोरांना काय खायला घालतात, ते विचारून ठेवा."

हौसाचं मात्र लक्ष नव्हतं. ती देवळाच्या दाराकडे बघत होती. लोक आत हात जोडून उभे होते, पण मान मागे वळलेली! देवीपेक्षा दाराबाहेरच्या वहाणांकडे डोळा. तेवढ्यात एक जाडजूड भटजी बाहेर आले आणि छाती पिटू लागले, "अरे, माझा नवा जोड नेला रे कुणीतरी!"

हौसा ताडकन उठून वहाणांच्या रिकाम्या, उपड्या पाटीवर चढली.

"ऐका हो ऐका! एक पाय तुमचा, एक पाय आमचा! घरची डावी पिशवीत टाका, उजवी पायात ठेवा आणि डाव्या पायात ही लाल चढवा. असला विजोड जोड कोण चोरेल? चोरानं नेला, तर विकेल कुणाला? या, आणि देवीचं दर्शन निवांत घ्या!"

लोक थबकले. भटजी मात्र हिरमुसले. "मला तर आता उजवीही नाही!"

"मग दोन्ही डाव्याच घ्या, भटजीबुवा. तसल्या तर चोराचा बापही नेणार नाही!"

झुंबड उडाली! बघता बघता डोंगराचं टेकाड झालं, टेकाडाचा ढीग झाला. सगळी जत्रा एक पाय लाल करून हिंडू लागली.

ऊन चढलं तसे महाराज घोड्यावरून आले. ढिगाच्या जागी दोनच वहाणा उरल्या होत्या, आणि गिऱ्हाईक संपलं होतं.

"पोरी, उद्या सगळेच विजोड घालतील, मग चोर तेही चोरतील! तेव्हा काय करशील?"

"तेव्हा आम्ही उजव्या विकू, महाराज!"

महाराजांनी नाक मुरडलं. "आधी या दोन तर संपव. घंटा व्हायला आली!" आणि मोजड्या काढून ते दर्शनाला गेले, मागोमाग सगळे शिपाई.

ते बाहेर आले तेव्हा मोजड्या गायब! शिपायांच्या वहाणाही गायब! महाराज तणतणत शोधायला अंगणाच्या मधोमध आले आणि किंचाळले. काळ्या दगडाची फरशी तव्यासारखी तापली होती. घोडा पार पलीकडे होता. महाराज एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारू लागले.

हौसा दोन लाल वहाणा घेऊन समोर आली. "घ्यायच्या का, महाराज? पूर्ण भावात!"

"दोन्ही डाव्या? पूर्ण भावात? सकाळी तर म्हणे पाव भावातही कुणी घेत नव्हतं!"

"सकाळी मागणी नव्हती, महाराज. आता आहे की नाही, ते तुमच्या तळपायांनाच विचारा!"

देवळात पुजाऱ्यानं घंटेच्या दोरीला हात घातला. महाराजांनी दात आवळले. एक उडी, दोन उड्या, आणि तिसरीला ते ओरडले, "आहे! मागणी आहे! दे इकडे!" बोटातली अंगठी त्यांनी हौसाच्या हातावर टाकली, वहाणांत पाय खुपसले आणि मग घंटा वाजली.

महाराज घोड्याकडे निघाले, पण दोन्ही पाय एकाच बाजूला वळायचे. घोड्याऐवजी ते उसाच्या गुऱ्हाळात जाऊन धडकले! तिथंच पोट धरून इतके हसले, की मुकुट रसाच्या घागरीत पडला.

"शाळा चालू राहील! आणि पोरी, तुला काय हवं ते माग!"

"राजवाड्यातली प्रत्येक खरेदी आधी आमच्या वर्गाला विचारून व्हावी, महाराज."

"दिलं!"

दुसऱ्याच सकाळी दूत धापा टाकत शाळेत आला. "महाराज विचारतात, हत्तीसाठी चांदीचं दातकोरणं घ्यावं का?"

सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "आधी हत्तीला विचारा!"