कुठून भिजायचं

"एकच सांगा, आबा. बाहेरचं पाणी आत येऊ न देणारं कापड चांगलं, की आतला घाम बाहेर जाऊ देणारं?"

केतकी सरपोतदारनं हे तिसऱ्यांदा विचारलं.

भागोजी आबा झोरे विळ्याला धार लावत होते. त्यांनी मान वर केली नाही.

कोल्हापूरच्या पश्चिमेला, घाटमाथ्यावरच्या एका धनगरवाड्यात आबांचं घर. पंधरा वर्षांपूर्वी केतकी इथं पहिल्यांदा आली, ती वाट चुकून. त्यानंतर दऱ्याखोऱ्यांतल्या वाटा ती आबांकडूनच शिकली. आता ती एका बचाव पथकाची प्रमुख होती. डोंगरात कुणी हरवलं, दरीत कुणी पडलं, की तिची बावीस माणसं दोर घेऊन निघत.

त्या बावीस जणांसाठी जॅकेटं घ्यायची होती.

"आत्ताची काय वाईट हायती?" आबांनी विचारलं.

"वाईट मुळीच नाहीत. मी स्वतः निवडलीत. घेण्याआधी अंगात घालून अर्धा तास नळाखाली उभी राहिले होते. एक थेंब आत आला नाही."

"उभी ऱ्हायलीस?"

"हो."

"अर्धा तास?"

"पूर्ण अर्धा तास."

"हाललीच न्हाईस?"

केतकीनं जॅकेटच्या बाहीवरचे थेंब झटकले.

"मग आता बदलाय का निघालीस?"

"निशिकांतमुळे."

निशिकांत आबांना चांगला आठवत होता. मागच्या पावसाळ्यात दरीत पडलेल्या एका माणसाला झोळीत घालून पथकानं वर आणलं. पाच तासांचा चढ होता. काठावर वाऱ्यात सगळे थांबले आणि निशिकांत बरळायला लागला. हात थरथरत होते, समोरचा माणूस ओळखू येत नव्हता. त्याला याच घरात आणलं होतं. आबांनी त्याच्या अंगावरचं सगळं ओलं काढून, घोंगडीत गुंडाळून त्याला चुलीजवळ निजवलं, तेव्हा कुठं तो शुद्धीवर आला.

जीव वाचला. पण त्यानं पथक सोडलं.

"चूक त्याचीच होती," केतकी म्हणाली. "चढावर त्यानं चेन उघडी ठेवली. मी अहवालात तसंच लिहिलं. चेन उघडी ठेवल्यामुळे भिजला. तरी पथकाचा खर्च देणाऱ्या संस्थेचे लोक म्हणतात, दुसरं कापड बघा. मला पटत नाही. पण तुम्ही सांगाल ते ऐकेन."

आबांनी विळ्याची धार अंगठ्यानं पाहिली. उठले. खुंटीवरची घोंगडी घेऊन तिची खोळ केली आणि डोक्यावरून पाठीवर सोडली.

"म्हशींना गवत आणायचंय. येतीस?"

बाहेर पाऊस लागून होता. केतकीनं जॅकेटची चेन हनुवटीपर्यंत ओढली आणि मागोमाग निघाली.

दोघं उतारावर गेली. गवत कापलं. आबांनी दोन भारे बांधले. मोठा स्वतः घेतला, लहान तिच्या डोक्यावर दिला.

मग चढ.

आबा सत्तरीचे. त्यांच्या पुढं जाता येईना, तशी केतकी ईर्ष्येनं चढायला लागली. कुठंच थांबली नाही. अर्ध्या तासानं खिंडीत पोचली तेव्हा तिचा श्वास फुलला होता.

"थांब हितं," आबा म्हणाले.

खिंडीत वारा होता. दोघांनी भारे खाली ठेवले.

केतकी उभी राहिली. थोड्या वेळानं तिच्या पाठीतून थंडी चढली. मग खांदे हलायला लागले. तिनं दात आवळून धरले, तरी वाजायचे ते वाजलेच.

"चेन काढ."

तिनं काढली. आतला शर्ट अंगाला चिकटला होता. तिनं त्याचं टोक पिळलं. पाणी गळलं.

"कुठनं आलं?"

"शिवणीतून असेल."

तिनं जॅकेट काढून उलटं केलं. एकेक शिवण पाहिली. सगळ्या शाबूत होत्या. बाहेरच्या बाजूला तर अळूच्या पानावर राहावेत तसे थेंब अजून उभे होते.

"पाणी आत आलंच नाही..." ती म्हणाली. "हे माझंच आहे."

आबांनी तिचा गार पडलेला हात धरला आणि घोंगडीच्या खाली, आपल्या पाठीवर ठेवला.

पाठ ओली होती. पण ऊन होती. वाफ निघत होती.

"तुम्हीही भिजलात."

"भिजलो की."

केतकी गवताच्या भाऱ्यावर बसली. तिची नजर त्या चेनवर गेली.

"त्याचा जीव गुदमरला असणार," ती हळूच म्हणाली. "आतून आधीच भिजला होता तो. म्हणून उघडली... आणि मी लिहिलं, त्याची चूक."

आबांनी घोंगडी काढून तिच्या अंगावर टाकली.

तिचं थरथरणं थांबलं, तशी ती म्हणाली, "मग बावीस जणांना घोंगड्याच देऊ?"

आबा हसले. "आन् दोराला लोंबकळताना? पाणी पिऊन जड झाली की खाली वढंल माणसाला."

"म्हणजे हेही नाही, तेही नाही. मग करू काय?"

"डोंगरात माणूस भिजणारच. कुठनं भिजायचं, कवा भिजायचं, तेवढं ठरव."

त्याच आठवड्यात केतकीनं अहवालातलं ते वाक्य खोडलं. खाली दुसरं लिहिलं, त्यात चूक स्वतःच्या नावावर घेतली आणि बावीस जणांसमोर वाचून दाखवलं. मग निशिकांतच्या घरी गेली.

"आत गुदमरतं, हे तेव्हाच का नाही सांगितलंस?"

निशिकांतनं तिच्यापुढं चहा ठेवला. "ताई, तुम्ही अर्धा तास नळाखाली उभ्या होतात. आम्ही काय बोलणार?"

केतकीनं नवीन कापडांचे चार नमुने मागवले. या वेळी नळ नव्हता. प्रत्येकानं झोळी उचलायची, चढायचं आणि काठावर थांबायचं. निशिकांतही आला.

महिन्याभरानं ती पुन्हा धनगरवाड्यावर आली. चेहरा दमलेला.

"आबा, नुसता गोंधळ झालाय. कुणी म्हणतं, काखेत हवा जायला फटी हव्यात. कुणी म्हणतं, फटीतून पाणी शिरतं. एक जण म्हणतो, चढताना पातळ द्या आणि थांबल्यावर घालायला जाड द्या. निशिकांत तर माझ्या तोंडावर म्हणाला, ताई, या चारांत तुम्हाला आवडलेलं कापडच सगळ्यांत वाईट. बावीस जणांची बावीस मतं..."

आबांनी तिच्यासाठी चुलीजवळ जागा केली.

"म्हंजे बोलाय लागली पोरं."