मंत्र्यांच्या शब्दाला जामीन

वेल्सच्या किनाऱ्यावर पोर्थलास नावाचं कोळ्यांचं गाव आहे. वादळाला न भिणारं हे गाव सरकारच्या ‘तात्पुरतं’ या शब्दाला मात्र भ्यायचं. तिथलं कोर्ट तात्पुरतं दुसऱ्या गावी हललं, पोस्ट तात्पुरतं बंद झालं, ते कायमचंच. आता बुडणाऱ्यांना वाचवणारं एकुलतं एक हेलिकॉप्टर दुरुस्तीसाठी तात्पुरतं इंग्लंडला न्यायचं ठरलं, तेव्हा गावच्या खासदार नेरिसबाई लंडनच्या संसदेत उभ्या राहिल्या. त्यांचा सख्खा भाऊ त्याच समुद्रात होडी घालायचा.

मंत्री सर क्रिस्पिन कोटाचं बटण कुरवाळत म्हणाले, "हेलिकॉप्टर परत येईल, हा माझा शब्द आहे. का मंत्र्याच्या शब्दावरही बाईंचा विश्वास नाही?"

"आहे ना," नेरिसबाई शांतपणे म्हणाल्या. "पण अध्यक्ष महोदय, आपली एक जुनी रीत आहे. राजेसाहेब इथे येतात तेव्हा ते सुखरूप परतेपर्यंत राजवाडा आपला एक खासदार ओलीस ठेवून घेतो. आपल्या नुसत्या शब्दावर राजासुद्धा विसंबत नाही, मग आम्ही कोण? हेलिकॉप्टर खुशाल न्या. ते येईपर्यंत मंत्रिमहोदय आमच्याकडे राहतील. जेवणाची आबाळ होणार नाही."

सभागृहात हशा पिकला.

"आणि यायला उशीर झाला तर?" सर क्रिस्पिन यांच्या तोंडून निघून गेलं.

"काळजी नसावी. कोर्टाची इमारत झाडून ठेवली आहे. तीही तात्पुरतीच रिकामी आहे."

हेलिकॉप्टरची दुरुस्ती पोर्थलासमध्येच झाली.