चरकाचं झाकण

फार पूर्वी एका रानात अस्वलाचा उसाचा चरक होता आणि त्यावर माकडं कामाला होती. काम भराभर उरकावं म्हणून अस्वलाने चरकाच्या दातांवरचं झाकण काढून टाकलं. एके दिवशी अडकलेली चिपाडं काढताना भुरी माकडिणीच्या धाकट्या बहिणीचा पंजा तुटला.

अस्वलाने पाटी लावली, 'आपापले हात सांभाळा.'

भुरीचं डोकं सणकलं. तिने पाटी उपटून अस्वलापुढे आपटली. "चूक तिच्या हाताची म्हणता? मग चालत्या चरकातली चिपाडं तुम्ही काढून दाखवा."

सगळी माकडं काम सोडून उभी राहिली. अस्वलाने हात पुढे केला, फिरते दात पाहिले आणि हात मागे घेतला.

"झाकण आणा," ते पुटपुटलं.

झाकण बसलं. पुढे कुणाचा हात गेला नाही. भुरी मात्र अस्वलाशी पुन्हा कधीच बोलली नाही.